अठराव्या वर्षीची पहिली मोटार : जुनी, स्वस्त आणि भरवशाची गाडी निवडताना

बारावीचा निकाल लागतो, दूरच्या महाविद्यालयात प्रवेश मिळतो आणि मुलामुलींच्या वयाची अठरा वर्षे पूर्ण होतात. साधारण याच सुमारास अनेक मध्यमवर्गीय घरांत एक प्रश्न चर्चेला येतो. रोजच्या ये-जा करण्यासाठी दुचाकी घ्यावी, घरातील नवी मोटार मुलाच्या हाती द्यावी, की दोन-चार लाखांत एखादी जुनी छोटी मोटार पाहावी? पालकांचा कल अलीकडे तिसऱ्या पर्यायाकडे वाढलेला दिसतो आणि त्यामागे केवळ हौस नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ लोकांचा मृत्यू झाला. त्यांतील ४४.५ टक्के दुचाकीवरील होते आणि एकूण मृतांपैकी ६६.५ टक्के लोक १८ ते ४५ या वयोगटातील होते. दुचाकीपेक्षा चार चाके बरी, हा पालकांचा हिशेब त्यामुळे निराधार म्हणता येत नाही. मात्र ती चार चाके कोणती, कोणत्या वर्षीची आणि कोणाच्या हातून आलेली, यावर तो हिशेब खरा ठरणे अवलंबून असते.

या व्यवहारात एक अडचण मुळातच आहे. गाडी जितकी स्वस्त, तितकी ती जुनी. जितकी जुनी, तितकी सुरक्षेची साधने कमी. घरातील सर्वांत कमी अनुभवी चालकाच्या वाट्याला घरातील सर्वांत कमी सुरक्षित वाहन येते, हे चित्र आपल्याकडे सर्रास दिसते. “शिकताना ठोकली तरी हरकत नाही” हे त्यामागचे ठरलेले समर्थन असते. पत्रा ठोकला गेला तर हरकत नसते हे खरे. पण धडक पत्र्यापाशी थांबेलच असे नाही.

वयाची अट

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४ नुसार सार्वजनिक रस्त्यावर मोटार चालवण्यासाठी किमान वय १८ वर्षे आहे. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो केवळ ५० सीसीपर्यंतच्या, गिअर नसलेल्या दुचाकीसाठी. शाळा-शिकवण्यांबाहेर उभ्या असणाऱ्या ११० आणि १२५ सीसीच्या स्कूटर या सवलतीत बसत नाहीत, ही गोष्ट बहुसंख्य पालकांना ठाऊक असते आणि तरीही त्याकडे दुर्लक्ष केले जाते.

हे दुर्लक्ष आता महागात पडू शकते. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आलेल्या कलम १९९-अ नुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना मिळत नाही. आपल्याला याची कल्पना नव्हती, आपल्या नकळत मुलाने गाडी नेली, हे सिद्ध करण्याची जबाबदारी पालकावरच असते. पुण्यातील कल्याणीनगर भागात १९ मे २०२४ रोजी पहाटे एका भरधाव मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला. ती मोटार १७ वर्षांचा मुलगा चालवत असल्याचे समोर आल्यानंतर हे कलम घराघरांत चर्चिले गेले.

सतराव्या वर्षी गाडी आणून अंगणात उभी करून ठेवण्याचा मोह म्हणूनच टाळावा. अठरा पूर्ण झाल्यावर शिकाऊ परवाना मिळतो. त्याची मुदत सहा महिने असते आणि तो मिळाल्यापासून ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. शिकाऊ परवान्यावर गाडी चालवताना शेजारच्या आसनावर पक्का परवाना असलेली, गरज पडल्यास गाडी थांबवू शकेल अशी व्यक्ती बसलेली असणे आणि गाडीच्या पुढे-मागे पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल रंगात ‘एल’ हे अक्षर असणे बंधनकारक आहे. गाडीचा शोध घेण्यास हाच महिना-दोन महिन्यांचा काळ उत्तम. घाई नसलेल्या ग्राहकाला दलालही घाई करू शकत नाही.

२०१९ ही सीमारेषा

जुनी मोटार निवडताना लोक प्रथम मॉडेल ठरवतात, मग किंमत आणि शेवटी वर्ष पाहतात. नवशिक्या चालकासाठी हा क्रम उलटा करणे शहाणपणाचे आहे, कारण भारतीय मोटारींच्या सुरक्षेत २०१९ या वर्षाने मोठा फरक पाडला. १ एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना एबीएस ही ब्रेकप्रणाली सक्तीची झाली. जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जखडून गाडी घसरत जाते, ते या प्रणालीमुळे टळते आणि ब्रेक लावलेला असतानाही गाडी वळवता येते. पावसाळी रस्त्यावर घाबरून ब्रेकवर पाय रोवणाऱ्या नवशिक्यासाठी यापेक्षा उपयुक्त साधन नाही. त्याच वर्षीच्या १ जुलैपासून उत्पादित होणाऱ्या प्रत्येक मोटारीत चालकासाठी एअरबॅग, पुढील दोन्ही आसनांसाठी सीटबेल्टची आठवण देणारी घंटा, वेगमर्यादेचा इशारा आणि मागे घेताना सूचना देणारे सेन्सर आवश्यक ठरले. जुन्या रचनेच्या मॉडेलांनाही समोरून व बाजूने होणाऱ्या धडकेच्या चाचण्या १ ऑक्टोबर २०१९ पासून लागू झाल्या. मारुतीची ओम्नी त्याच वर्षी बंद झाली, हा योगायोग नव्हता. पुढे बसणाऱ्या सहप्रवाशासाठीची एअरबॅग आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलांनाही २०२१ च्या अखेरीपासून सक्तीची झाली.

याचा व्यावहारिक अर्थ असा की, २०१५ ची भारी, चकचकीत, मोठी सेडान आणि २०२० ची साधी छोटी मोटार एकाच किमतीला मिळत असतील, तर नवशिक्यासाठी दुसरी निवडावी. २०१९ पूर्वीही काही गाड्यांत एबीएस आणि दोन एअरबॅग असत, पण त्या वरच्या श्रेणीत. मूळ श्रेणीतील गाडीवर वरच्या श्रेणीची नावपट्टी चिकटवून विकण्याचा प्रकार जुन्या बाजारात नवा नाही. त्यामुळे पट्टीवर न जाता गाडी सुरू करून डॅशबोर्डवरील दिवे पाहावेत. किल्ली फिरवताच एबीएस आणि एअरबॅग यांचे दिवे काही सेकंद उजळून विझले पाहिजेत. दिवा विझतच नसेल तर यंत्रणेत बिघाड आहे. दिवा मुळात पेटतच नसेल, तर शंका अधिक गंभीर. एखाद्या अपघातात उघडलेली एअरबॅग पुन्हा न बसवता तो दिवाच बंद करून ठेवल्याची ती खूण असू शकते. नव्या एअरबॅगचा खर्च मोठा असतो आणि वरून झाकण लावले की डोळ्यांना काही कळत नाही.

धडक चाचणीतील ताऱ्यांचा आधारही घेता येतो. ग्लोबल एनकॅप या संस्थेने २०१४ पासून भारतीय मोटारींच्या चाचण्या जाहीर केल्या आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही देशाची स्वतःची व्यवस्था सुरू झाली. आज जुन्या बाजारात आवाक्यात असलेल्या गाड्यांपैकी टाटा अल्ट्रोझला प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी २०२० मध्ये पाच तारे, त्याच वर्षी टाटा टियागोला चार, होंडा जॅझला २०२२ मध्ये चार, टोयोटा इटिऑसला २०१६ मध्ये चार, तर दोन एअरबॅग असलेल्या फोक्सवॅगन पोलोला २०१४ मध्ये चार तारे मिळाले होते. लोकप्रिय मारुती स्विफ्टला २०१८ मध्ये, वॅगन आरला २०१९ मध्ये आणि ह्युंदाई ग्रँड आय१० निऑसला २०२० मध्ये प्रत्येकी दोन तारे मिळाले. हे तारे त्या त्या वर्षीच्या नियमांनुसार दिलेले असतात. नियम पुढे कडक झाले, म्हणून २०१४ चे चार तारे आणि २०२४ चे चार तारे समान धरता येणार नाहीत.

कोणती मोटार

ताऱ्यांवरच निवड करायची तर अल्ट्रोझ आणि टियागो यांना पहिली पसंती द्यावी लागेल. पण भरवसा हा शब्द सुरक्षेबरोबर दुरुस्तीशीही जोडलेला आहे. तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या मुलीची गाडी बंद पडली, तर ती दुरुस्त करणारा कारागीर आणि सुटा भाग त्याच गावात, त्याच दिवशी मिळणे ही मोठी गोष्ट असते. या कसोटीवर मारुतीच्या वॅगन आर, सेलेरिओ, स्विफ्ट आणि ह्युंदाईच्या ग्रँड आय१० व २०१८ नंतरची सँट्रो यांना तोड नाही. देशाच्या कोणत्याही कोपऱ्यात त्यांचे भाग मिळतात आणि त्या खोलून जोडणारे हातही असतात. कुटुंबाने आपले प्राधान्य स्वतः ठरवावे हे खरे. तथापि महामार्गावरून रोज जायचे असेल तर मजबूत सांगाड्याला आणि गावातल्या गावात फिरायचे असेल तर सुट्या भागांच्या उपलब्धतेला अधिक वजन द्यावे, असे ढोबळमानाने म्हणता येईल. टोयोटा इटिऑस आणि तिची छोटी बहीण लिव्हा यांचे उत्पादन २०२० मध्ये थांबले असले, तरी त्यांच्या पेट्रोल इंजिनाची टिकाऊपणाबद्दलची ख्याती कायम आहे. मात्र इटिऑस आणि मारुती डिझायर या दोन्ही गाड्या मोठ्या संख्येने टॅक्सी म्हणून धावल्या. पिवळी पाटी काढून पांढरी लावलेली गाडी बाहेरून ओळखू येत नाही. नोंदणीच्या जुन्या नोंदींत व्यावसायिक वापरातून खासगी वापरात झालेले रूपांतर दिसते, ते पाहावे.

बाजारात फारच स्वस्त मिळणाऱ्या काही गाड्यांमागे वेगळे कारण असते. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतात शेवरोलेची विक्री थांबवली, फोर्डने २०२१ मध्ये येथील उत्पादन बंद करण्याचा निर्णय जाहीर केला आणि डॅटसन २०२२ मध्ये गेली. या गाड्या वाईट होत्या असे नव्हे. फोर्ड फिगोच्या चालवण्यातील गुणांचे कौतुक आजही होते. पण पहिल्या गाडीसाठी, ज्या मालकाला कारागिरांची ओळख नाही आणि भाग शोधत फिरण्यास वेळ नाही, त्याने त्या वाटेला न जाणे बरे. जुन्या होंडा गाड्यांबाबत एक विशेष दक्षता हवी. जपानच्या ताकाता कंपनीने बनवलेल्या सदोष एअरबॅग बदलण्यासाठी होंडाने भारतातही अनेक गाड्या परत मागवल्या होत्या. चेसिस क्रमांक देऊन ते काम झाले आहे की नाही, याची कंपनीकडे खातरजमा करता येते.

इंधनाच्या बाबतीत रोज दहा-पंधरा किलोमीटर जाणाऱ्या विद्यार्थ्यासाठी पेट्रोल हेच सरळ उत्तर आहे. डिझेल गाडी स्वस्तात मिळाली तरी तिचे इंजेक्टर, टर्बो आणि १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांतील काजळी अडवणारी गाळणी यांची दुरुस्ती खर्चिक असते. लहान लहान फेऱ्यांत ती गाळणी पुरेशी तापत नाही आणि तुंबते. सीएनजी घ्यायचा असल्यास तो कारखान्यातून बसवलेला असावा. बाहेरून बसवला असेल तर त्याची नोंद नोंदणी प्रमाणपत्रावर आहे का आणि दर तीन वर्षांनी करावयाची टाकीची दाबचाचणी झाली आहे का, हे टाकीवरील पट्टीवरून पाहावे. आता पंपांवर २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल सर्रास मिळते, तर एप्रिल २०२३ पूर्वीच्या बहुतेक गाड्या १० टक्क्यांच्या मिश्रणासाठी बनलेल्या आहेत. त्यामुळे जुन्या पेट्रोल गाडीत इंधनाच्या रबरी नळ्या कारागिराकडून तपासून घेणे हा छोटा पण आवश्यक खर्च समजावा.

गाडी पाहताना

गाडी दिवसाउजेडी, कोरड्या हवेत आणि इंजिन थंड असताना पाहावी. विक्रेत्याने आधीच गाडी गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे. थंड इंजिन सुरू होताना घेतलेला वेळ, पहिल्या काही क्षणांतील खडखडाट आणि सायलेन्सरमधून निघणारा धूर यांतून बरेच कळते. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. थंडीच्या सकाळी थोडी पांढरी वाफ दिसणे साहजिक, पण इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर कूलंट सिलिंडरमध्ये शिरत असण्याची शक्यता असते. ऑइल भरण्याच्या झाकणाच्या आतील बाजूस दुधाळ, साईसारखा थर दिसला तर हीच शंका बळावते. अशी गाडी कितीही कमी किमतीत मिळत असली तरी सोडून द्यावी.

पत्र्याकडे पाहण्याची एक साधी रीत आहे. गाडीच्या एका कोपऱ्यात उभे राहून तिरप्या नजरेने दारांच्या रेषा पाहिल्या की लांबीचा भराव आणि रंगातील फरक उठून दिसतो. दारे, बॉनेट आणि डिकी यांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या असाव्यात. बॉनेटच्या बोल्टवर पाना लागल्याचे ओरखडे असतील तर तो कधीतरी काढला गेला आहे. सर्व काचांवर एकाच कंपनीचे चिन्ह आणि जवळपासच्या वर्षाची खूण असते, त्यातील एखादी वेगळी असेल तर ती का बदलली, हे विचारावे. दाराची रबरी पट्टी ओढून खालची कड पाहिली की कारखान्यातील गोल वेल्डिंगचे ठसे समान अंतरावर दिसतात. हाताने केलेले वेल्डिंग लपत नाही. डिकीत स्टेपनी उचलून खालचा पत्रा पाहावा. मागून बसलेल्या धडकेचा दाखला बहुधा तेथेच मिळतो. बंपर किंवा दार बदललेले असणे हा दोष मानण्याचे कारण नाही. भारतीय शहरात पाच-सहा वर्षे धावलेली गाडी ओरखड्याविना असेल तर त्याचेच नवल वाटावे. सांगाडा, खांब आणि सस्पेन्शनच्या जागा यांना मार बसलेला नसावा, एवढेच महत्त्वाचे.

पुरात बुडालेली गाडी ही मात्र पूर्णपणे वेगळी आपत्ती. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नई, ऑगस्ट २०१८ मध्ये केरळ आणि ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली पाण्याखाली गेले. अशा प्रत्येक पुरानंतर बुडालेल्या मोटारी भंगाराच्या किमतीत विकत घेऊन, धुऊन-पुसून दूरच्या शहरांत विकल्या जातात. इंजिन पुन्हा चालू करता येते. वायरिंगमधील गंज मात्र वर्ष-दोन वर्षांनी एकेक दिवा, एकेक सेन्सर बंद पाडत जातो, आणि अशा गाडीची एअरबॅग वेळेवर उघडेल याची खात्री देता येत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर पाण्याची रेघ किंवा वाळलेला चिखल आहे का, हे पाहावे. आसनांखालील लोखंडी पट्ट्या, त्यांचे स्क्रू आणि डॅशबोर्डखालील कोपरे गंजलेले नसावेत. गाडीत शिरताच उग्र सुगंधी द्रव्याचा वास आला तर तो कशासाठी मारला असावा, याचा विचार करावा.

गाडी किती किलोमीटर चालली हा आकडा हल्ली संगणकाच्या साहाय्याने काही मिनिटांत मागे नेता येतो. तो आकडा खरा मानण्यापेक्षा पुराव्याशी ताडून पाहावा. तीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचे स्टिअरिंग गुळगुळीत होत नाही, क्लचच्या पायदळाचे रबर झिजत नाही, चालकाचे आसन खचत नाही. टायरच्या कडेवरील चार अंकी संख्या तो टायर कोणत्या आठवड्यात आणि वर्षी बनला हे सांगते. २३१९ म्हणजे २०१९ मधील तेविसावा आठवडा. कमी चाललेल्या म्हणवणाऱ्या गाडीचे चारही टायर गेल्या वर्षीचे असतील तर जुने एवढ्या लवकर का झिजले, हा प्रश्न उरतो. सर्वांत विश्वासार्ह नोंद अधिकृत सेवा केंद्राकडे असते. प्रत्येक सर्व्हिसिंगच्या वेळचा किलोमीटरचा आकडा तेथे तारखेसह नोंदलेला असतो आणि मालक सोबत असेल तर तो मिळण्यास सहसा अडचण येत नाही. मालकच टाळाटाळ करू लागला तर उत्तर मिळालेच.

चालवून पाहण्याच्या फेरीत गाणी आणि गप्पा दोन्ही बंद ठेवाव्यात. सपाट रस्त्यावर स्टिअरिंग सैल धरले तरी गाडी सरळ जावी, ब्रेक लावल्यावर एका बाजूला ओढली जाऊ नये. क्लच अगदी वर आल्यावरच गाडी हलत असेल तर क्लचप्लेट संपत आली आहे. खड्ड्यातून जाताना खालून येणारा ठक्क असा आवाज सस्पेन्शनचे बुश किंवा लिंक गेल्याचे सांगतो. त्याचा खर्च फार नसतो, पण किंमत कमी करून घेण्यास तो उपयोगी पडतो. एअर कंडिशनर किमान पंधरा मिनिटे चालवावा. या सर्वांनंतरही ओळखीच्या, पण विक्रेत्याच्या ओळखीच्या नव्हे, अशा कारागिराला हजार-दोन हजार रुपये देऊन गाडी वर उचलून पाहायला लावणे हा या व्यवहारातील सर्वांत उत्पादक खर्च ठरतो. मुलाला किंवा मुलीला या साऱ्या वेळी बरोबर न्यावे. आसनाची उंची, पायांची पोच आणि मागची काच किती दिसते, हे तिच्या उंचीवरून ठरते, वडिलांच्या नव्हे.

ठरवलेल्या रकमेतील सुमारे दहावा हिस्सा बाजूला ठेवून मगच किंमत ठरवावी. टायर, बॅटरी, ऑइल, ब्रेक पॅड, वायपरची रबरे असा पहिल्या महिन्याचा खर्च टळत नाही. टायरच्या खाचा १.६ मिलिमीटरच्या खुणेपर्यंत झिजल्या असतील, तर इतर कोणत्याही सजावटीआधी टायर बदलावेत.

कागदपत्रे आणि राज्याची सीमा

गाडी पसंत पडली तरी इसार देण्याआधी नोंदणी प्रमाणपत्र, विमा आणि प्रदूषण तपासणीचे प्रमाणपत्र यांवरील नोंदी परिवहन मंत्रालयाच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर किंवा ‘एम-परिवहन’ ॲपवर ताडून पाहाव्यात. गाडीवर बँकेचा बोजा असल्यास तो तेथे दिसतो. कर्ज फिटले असले तरी बँकेचे पत्र आणि नमुना ३५ सादर करून बोजा उतरवलेला नसेल, तर हस्तांतर अडते. थकलेले ई-चलन विक्रेत्याकडून भरून घ्यावे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या ‘वाहन समन्वय’ या सेवेवर गाडी चोरीची म्हणून नोंदलेली आहे का, हे पाहता येते. चेसिस आणि इंजिन क्रमांक कागदावर वाचून न थांबता गाडीवर प्रत्यक्ष पाहावेत. त्या जागेचा पत्रा घासलेला किंवा नव्याने रंगवलेला असेल तर व्यवहार तेथेच थांबवावा.

नाव बदलण्यासाठी नमुना २९ आणि नमुना ३० भरावे लागतात. राज्यातल्या राज्यात विक्रेत्याने १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत हस्तांतराची माहिती नोंदणी अधिकाऱ्यास कळवणे अपेक्षित आहे. विक्रेते बरेचदा कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून मोकळे होतात आणि खरेदीदारही महिनोन्महिने नाव बदलत नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले की, गाडी हातोहात विकली गेली असली तरी नोंदीत ज्याचे नाव आहे, तोच भरपाईच्या दायित्वासाठी मालक समजला जातो. या निकालाची खरी धास्ती विक्रेत्याने बाळगायला हवी. खरेदीदाराने गाडी दलालामार्फत घेतली, तर त्याच्याकडे परिवहन कार्यालयाचे अधिकारपत्र आहे का, हे विचारावे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्यांना ते आवश्यक आहे. नोंदणीकृत व्यापारी आपल्या नफ्याच्या रकमेवर १८ टक्के वस्तू व सेवा कर भरतो. दोन खासगी व्यक्तींमधील व्यवहारावर हा कर लागत नाही. त्याच्या नावाखाली दलालाने पूर्ण किमतीवर कर मागितला तर तो देऊ नये.

महाराष्ट्राबाहेर इंदूर, बडोदा, हैदराबाद, बंगळुरू किंवा दिल्लीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांपुढे आणखी एक पर्याय येतो, तो म्हणजे गावाकडच्या नातेवाइकाची ओळखीची गाडी घेऊन येण्याचा. गाडीचा इतिहास ठाऊक असणे हा त्यातील मोठा लाभ. पण दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या वाहनाची तेथे नव्याने नोंदणी करावी लागते. मूळ कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र, नव्या राज्याचा रस्ता कर आणि जुन्या राज्याकडून उरलेल्या कराचा परतावा मिळवण्याचा पाठपुरावा, हे सारे किमतीत धरले तर स्वस्त गाडी स्वस्त राहतेच असे नाही. उलट दिशेचा प्रवाह दिल्लीतून येतो. राजधानी परिसरात दहा वर्षांपुढील डिझेल आणि पंधरा वर्षांपुढील पेट्रोल वाहनांवर राष्ट्रीय हरित लवादाने आणलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये कायम केली. पुढील आदेशांनी तिच्या अंमलबजावणीत बदल होत गेले. तरीही या धोरणामुळे तेथील मोठ्या डिझेल गाड्या इतर राज्यांत पडत्या भावाने विकल्या जातात. अठरा वर्षांच्या चालकाला दोन टनांची डिझेल गाडी केवळ स्वस्त म्हणून देणे, हे निव्वळ वजन आणि वेगाच्या दृष्टीनेही अयोग्य आहे.

खासगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर ती पाच वर्षांसाठी नव्याने करावी लागते आणि एप्रिल २०२२ पासून त्याचे शुल्क ६०० वरून ५ हजार रुपये झाले. बारा-तेरा वर्षांची गाडी घेताना हा खर्च आणि तपासणीत ती उतरेल का, हे दोन्ही समोर ठेवावे.

विमा कोणाच्या नावाचा

गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा लागतो. विक्रेत्याची दावारहित सवलत, जी सलग पाच वर्षे दावा न केल्यास ५० टक्क्यांपर्यंत जाते, ती त्या व्यक्तीची असते, गाडीची नव्हे. ती गाडीबरोबर येत नाही. त्रयस्थ पक्षाचा विमा सक्तीचा आहे. जून २०२२ पासूनच्या दरांनुसार त्याचा वार्षिक हप्ता एक हजार सीसीपर्यंतच्या मोटारीसाठी २,०९४ रुपये, दीड हजार सीसीपर्यंत ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये ठरला. छोट्या इंजिनाची गाडी निवडण्याचे हेही एक कारण. गाडी दोन लाखांची असली म्हणून केवळ त्रयस्थ विम्यावर भागवण्याचा विचार अनेक जण करतात. नवशिक्याच्या हातात पहिल्या वर्षी छोट्या ठोकरी अपेक्षितच असल्याने निदान ते वर्ष सर्वंकष विमा घेणे परवडते.

गाडी पालकाच्या नावावर ठेवायची की मुलाच्या, हा प्रश्न बहुतेक घरांत सोयीने सोडवला जातो. त्यातील एक बारकावा सहज निसटतो. मालक-चालकासाठी असलेले १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण परवानाधारक नोंदणीकृत मालकालाच लागू होते. गाडी वडिलांच्या नावावर आणि चाकावर रोज मुलगी, अशी स्थिती असेल तर त्या संरक्षणात ती येत नाही. तिच्यासाठी वेगळे अपघात संरक्षण घ्यावे लागते किंवा गाडीच तिच्या नावावर करावी लागते. पॉलिसी देताना विमा प्रतिनिधी हे आपणहून सांगेलच असे नाही, म्हणून ते लेखी विचारून घ्यावे. २०२२ मध्ये सीटबेल्ट न लावल्यामुळे मोटारीतील १६,७१५ जणांचा मृत्यू झाला आणि त्यांतील जवळपास निम्मे, ८,३३१, चालक नसलेले प्रवासी होते. जुन्या गाडीत मागच्या आसनांचे बेल्ट अनेकदा कव्हरखाली दडपलेले सापडतात. ताबा घेताना किल्लीची दुसरी जोडी, जॅक आणि पाना यांच्याबरोबर ते बेल्टही वर काढून, त्यांची टोके बसतात का हे पाहून घ्यावे, आणि विक्रेत्याचा फास्टॅग त्याच्याकडूनच बंद करवून घ्यावा.